अपेक्षेचा रकाना

मेच्या अखेरीला आमच्या शेडमधल्या पेंढ्याचा वास बदलतो. एप्रिलभर तो नुसत्या पिकल्या हापूसचा असतो; मग त्यात मागे राहिलेल्या, मऊ पडलेल्या फळांचा आंबूसपणा मिसळू लागतो. अशाच एका मे महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. आकडे खरे होते. बेरजा बरोबर होत्या. सूत्रही बरोबर होतं. तरीही त्या कागदामुळे एका कष्टाळू माणसाच्या पोटावर पाय येणार होता. ती चूक मी आज सविस्तर सांगणार आहे, कारण आकड्यांना हात लावणाऱ्या कुणाकडूनही ती होऊ शकते, आणि ज्याच्याकडून होते त्याला बहुधा कळतही नाही.

रत्नागिरीजवळ खाडीकाठच्या एका गावात आमची बागायतदारांची लहानशी सोसायटी आहे. चार बागांचा आंबा एकाच शेडमध्ये येतो, आढीत पिकतो, प्रतवारी होऊन पेट्यांत भरला जातो आणि पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकांकडे थेट जातो. मधे दलाल नाही, त्यामुळे कौतुकाचा फोन आम्हालाच येतो आणि तक्रारीचाही. प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी असते, तिच्यावर बागेचा क्रमांक असतो. मी बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलेली मुलगी, हंगामापुरती हिशेबाला ठेवलेली.

सर्वांत मोठी बाग सड्यावरची. तिचा मालक मुंबईला असतो. बाग कराराने दादांकडे आहे. दादा म्हणजे पहाटे बॅटरी घेऊन सडा चढणारा आणि प्रत्येक फळ झेल्यात अलगद, देठासकट उतरवणारा माणूस. दुसरी बाग खाडीकाठची, सोसायटीचे अध्यक्ष अण्णा यांची. तिसरी देवळामागची, दोघा भावांची. चौथी सर्वांत लहान, पऱ्याकडची, ती काकूंची. काका गेल्यापासून काकू ती एकट्यानेच सांभाळत होत्या.

त्या हंगामात तक्रारी बऱ्याच आल्या. कुठे कापल्यावर आत साका, कुठे देठाकडे कूज, कुठे फळ कोवळंच. अण्णांनी मला बोलावून घेतलं.

"कुणाची बाग नडतेय ते आकड्यांत दाखव," ते म्हणाले. "रविवारी सभा आहे. जी बाग निघेल तिचा माल पुढच्या वर्षी शेडमध्ये घ्यायचा नाही."

मी कामाला लागले. तक्रारवहीत ८४ नोंदी होत्या. त्यांतल्या चार दुबार निघाल्या. गिऱ्हाइकाने आधी फोन केला होता आणि मग त्याच पेटीबद्दल लेखीही कळवलं होतं. एका पेटीची एकच तक्रार धरायची, हे मला शिकवलेलं होतं, म्हणून त्या मी वगळल्या. राहिल्या ८०. सड्यावरच्या बागेच्या ३८, खाडीकाठच्या १९, देवळामागच्या ९ आणि पऱ्याकडच्या १४.

हा फरक खरा की नुसता योगायोगाचा, हे बघायला काय-स्क्वेअर चाचणी लावायची, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. संगणकावर चार आकडे भरले, बटण दाबलं. उत्तर आलं २४.१. चार गटांसाठी कोष्टकातली पाच टक्क्यांची मर्यादा ७.८१५ आहे, आमचा आकडा तिच्या तिप्पट. असा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता लाखात दोनतीन. मी अहवालात लिहिलं: "तक्रारी चारही बागांत सारख्या विभागलेल्या नाहीत. सर्वाधिक दोष सड्यावरच्या बागेत आढळतो."

अहवाल वाचून कुणालाच नवल वाटलं नाही. सड्याचा कातळ दुपारी तव्यासारखा तापतो आणि तापलेल्या जमिनीच्या झळा लागलेल्या फळात साका धरतो, हे कोकणातलं पोरही सांगेल. लोकांच्या मनात जे आधीपासून होतं त्यावर माझ्या कागदाने शिक्का मारला होता.

संध्याकाळी दादा शेडच्या दारात आले. आत आले नाहीत. डोक्यावरचं फडकं हातात घेऊन उभे राहिले.

"बाय, माझ्या अडतीस निघाल्या म्हणे."

"हो, दादा."

"तू मोजल्यास म्हणजे बरोबरच असतील." ते थोडा वेळ पेट्यांकडे बघत राहिले. "आता या वयाला कुठे दुसरी बाग मिळणार?"

त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांना सूत्र दाखवलं असतं, कोष्टक दाखवलं असतं. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. शिकलेल्या मुलीने मशीनवर काढलेला आकडा, तो खोटा कसा असेल? ते वळले आणि अंधारातून पाखाडी चढून गेले.

आमच्या शेडला रोज संध्याकाळी आणखी एक माणूस येत असे: गुरुजी. हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेले. तरुणपणी ते पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात शिकले होते. प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार यांनी तो विभाग उभा केला, हे ते अभिमानाने सांगत. साठांसाठी मऊ पडलेले आंबे न्यायला ते यायचे आणि जाताना माझ्या टेबलाशी पाच मिनिटं टेकायचे. त्या दिवशी अहवाल टेबलावरच होता. त्यांनी चष्मा लावला, एकदा वाचला, मग पुन्हा वाचला.

"हा रकाना कसला?"

"अपेक्षित तक्रारींचा, गुरुजी. चारही बागांना वीस-वीस."

"वीस कुठून आले?"

"ऐंशी भागिले चार."

"भागिले चार का?"

मला उत्तर सुचलं नाही. "बागा चार आहेत म्हणून," मी म्हटलं. मग जरा थांबून खरं ते सांगितलं, "प्रोग्राम तसंच धरतो."

"प्रोग्राम स्वतःहून काही धरत नाही, बाय. तू त्याला वाटे सांगितले नाहीस, म्हणून त्याने समान धरले. न सांगितलेली गोष्टही एक विधान असते. तू या कागदावर न लिहिता लिहिलंयस की चारही बागांतून सारख्याच तक्रारी यायला हव्यात. हे तुला मान्य आहे का?"

मी गप्प राहिले. गुरुजी कोपऱ्यात गेले. तिथे पोरांनी खेळायला आणलेले फोडलेले चिंचोके पडले होते. त्यांतले चार अर्धे त्यांनी तळहातावर घेतले. एक बाजू पांढरी, एक काळपट.

"हे चार टाकले तर पांढरे किती पडतील?"

"शून्यापासून चारपर्यंत काहीही."

"म्हणजे पाच निकाल. पाचही सारखेच वेळा येतील?"

"नाही. दोन पांढरे जास्त वेळा येतील."

"किती जास्त? मांडून दाखव."

मी जमिनीवर खडूने मांडलं. प्रत्येक चिंचोक्याच्या दोन बाजू, म्हणजे चार चिंचोके सोळा तऱ्हांनी पडू शकतात. एकही पांढरा नाही अशी तऱ्हा एकच. एक पांढरा अशा चार. दोन पांढरे अशा सहा. तीन पांढरे पुन्हा चार. चारही पांढरे एकच. चिंचोका दोन्ही बाजूंना सारखाच कलंडतो असं धरलं, तर एकशेसाठ वेळा टाकल्यावर अपेक्षा अशी: दहा, चाळीस, साठ, चाळीस, दहा.

"आता एखाद्याने येऊन म्हटलं," गुरुजी म्हणाले, "पाच निकाल आहेत, प्रत्येक बत्तीस वेळा यायला हवा होता, दोन पांढरे साठ वेळा आले म्हणजे खेळणाऱ्याने लबाडी केली. तू काय म्हणशील?"

"म्हणेन की लबाडी खेळणाऱ्याची नाही. तुमची अपेक्षाच चुकीची आहे."

गुरुजी काही बोलले नाहीत. चिंचोके त्यांनी माझ्या अहवालावर ठेवले. माझे कान तापले.

मग त्यांनी मला एका मठातली गोष्ट सांगितली. मला ती पाठ्यपुस्तकातून माहीत होती, पण अशी कुणी सांगितली नव्हती. ब्रनो गावच्या मठात ग्रेगोर मेंडेल नावाचा साधू वाटाण्याची झाडं लावत असे. एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. गोल आणि पिवळ्या दाण्यांचं वाण त्याने सुरकुतलेल्या आणि हिरव्या दाण्यांच्या वाणाशी जुळवलं. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल-पिवळेच आले. ते पेरून पुढच्या पिढीचे ५५६ दाणे त्याने एकेक करून निवडले. ३१५ गोल-पिवळे, १०८ गोल-हिरवे, १०१ सुरकुतलेले-पिवळे आणि ३२ सुरकुतलेले-हिरवे. हे सगळं त्याने १८६६ साली छापलं आणि पुढे चौतीस वर्षं त्याचं महत्त्व फारसं कुणाला उमगलं नाही.

"त्याच्या विचाराप्रमाणे हे दाणे नऊ, तीन, तीन, एक या प्रमाणात पडायला हवेत," गुरुजी म्हणाले. "पाचशे छप्पन्नचे सोळा भाग कर."

मी केले. अपेक्षित दाणे आले ३१२.७५, १०४.२५, १०४.२५ आणि ३४.७५.

"आता प्रत्येक रकान्यात मोजलेल्यातून अपेक्षित वजा कर, वर्ग कर, अपेक्षिताने भाग, आणि चारही उत्तरं मिळव."

बेरीज आली ०.४७. इतकी लहान की मेंडेलच्या अपेक्षेवर शंका घ्यायला जागाच नाही.

"आता तुझ्या रीतीने कर. चार प्रकार, म्हणून भागिले चार. प्रत्येकी १३९."

मी तेही केलं. बेरीज आली ३२२ आणि वर थोडं. मी त्या आकड्याकडे बघत राहिले. तेच दाणे, तेच सूत्र, तीच चाचणी. नुसता अपेक्षेचा रकाना बदलला आणि निसर्गाचा एक नियम कोसळून पडला.

"मेंडेलला ही चाचणी माहीत नव्हती," गुरुजी सांगू लागले. "तो १८८४ साली गेला. चाचणी काढली कार्ल पिअर्सनने, १९०० साली. योगायोग बघ, मेंडेलचं विसरलेलं काम जगाला पुन्हा सापडलं तेही १९०० सालीच. पण चाचणी नसतानाही मेंडेलकडे एक गोष्ट होती. अपेक्षा कुठून आणायची हे त्याला माहीत होतं. ती त्याने बीज कसं बनतं या विचारातून आणली. रकाने किती आहेत यावरून आणली नाही."

मी जावक वही उघडली. मला ती आधीच उघडायला हवी होती. टेबलाच्या खणात, हाताच्या अंतरावर होती. त्या हंगामात शेडमधून २००० पेट्या गेल्या होत्या. सड्यावरच्या बागेच्या १०००, खाडीकाठच्या ५००, देवळामागच्या ३००, पऱ्याकडच्या २००. वाटे ०.५०, ०.२५, ०.१५ आणि ०.१०, बेरीज एक. सगळ्या बागांचा आंबा सारख्याच प्रतीचा असेल, तर ८० तक्रारी याच वाट्यांनी पडायला हव्यात. मी नवा कागद घेतला.

सड्यावरची: अपेक्षित ४०, आलेल्या ३८.
खाडीकाठची: अपेक्षित २०, आलेल्या १९.
देवळामागची: अपेक्षित १२, आलेल्या ९.
पऱ्याकडची: अपेक्षित ८, आलेल्या १४.

सूत्र लावायच्या आधीच माझे डोळे पहिल्या ओळीवर थांबले. दादांच्या वाट्याला चाळीस यायला हव्या होत्या आणि आल्या अडतीस. ज्या माणसाने गावाचे निम्मे आंबे उतरवले, त्याला मी निम्म्या तक्रारींसाठी गुन्हेगार ठरवलं होतं. तोही निम्म्याहून किंचित कमी तक्रारींसाठी.

गणित पुरं केलं. ०.१०, ०.०५, ०.७५ आणि ४.५०. बेरीज ५.४. मर्यादा तीच, ७.८१५, कारण तीन बागांच्या तक्रारी कळल्या की चौथीची आपोआप ठरते, तेव्हा मोकळे रकाने तीनच. ५.४ मर्यादेच्या आत होता. चारही बागा अगदी सारख्या चांगल्या असत्या, तरी शंभरातल्या साधारण चौदा-पंधरा हंगामांत निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसला असता.

"प्रत्येक वेळी अपेक्षिताने भागायचं कशासाठी, कळलं?" गुरुजींनी विचारलं. "चाळिसाच्या जागी सहा जास्त आल्या तर ती किरकोळ गोष्ट, आठाच्या जागी सहा जास्त आल्या तर नजरेत भरणारी. ज्याचं माप मोठं, त्याला चुकीची मुभाही त्या मापाने. आणि अपेक्षित आकडा कुठेही पाचाच्या खाली जाऊ देऊ नकोस, मग कोष्टकावर विसंबता येत नाही. इथे सर्वांत लहान आठ आहे, तेव्हा चालेल."

रात्री मी अहवाल फाडला नाही. त्याच्या मागे नवा कागद जोडला. चूक लपवली तर ती पुन्हा होईल, असं मला वाटलं.

रविवारची सभा शेडमध्येच भरली. मी उभी राहिले आणि आधी माझी चूक सांगितली. मग पेट्यांचे वाटे वाचून दाखवले. दादा शेवटच्या बाकावर होते. मी "अपेक्षित चाळीस, आलेल्या अडतीस" म्हटलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

अण्णांचा पुतण्या म्हणाला, "पण वाटे पेट्यांवरून का धरायचे? झाडांवरून धरा. आमच्या बागेत कलमं जास्त आहेत, मग आमची अपेक्षा वाढेल."

"तक्रार झाड करत नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तक्रार पेटी उघडणारा करतो. पेटी गेली नाही तर तक्रार जन्मालाच येत नाही. ज्यातून गोष्ट घडू शकते, वाटा त्याचाच धरायचा. आणि एक लक्षात ठेव. तक्रारी बघून झाल्यावर आपल्याला सोयीचा वाटा शोधत बसलास तर कुठलाही आरोपी सुटेल आणि कुठलाही निर्दोष अडकेल. अपेक्षा आधी लिहायची, मग वही उघडायची."

दुसऱ्या कुणीतरी सुचवलं, टक्केवारीत मांडा, समजायला सोपं. मी ते करून पाहिलेलं होतं. टक्के धरले की बेरीज ५.४ ची ६.७५ होते, जणू आम्ही ८० ऐवजी १०० तक्रारी मोजल्या. "चाचणी टक्क्यांवर चालत नाही," मी म्हटलं. "तिला खरोखर मोजलेल्या वस्तू लागतात. न मोजलेल्या वीस तक्रारींचं बळ आपण तिला देऊ शकत नाही."

आणि मग ज्याची मला भीती होती ते झालं. एकाने कागदावर बोट ठेवलं. "मग दोष पऱ्याकडचा. आठ हव्या होत्या, आल्या चौदा. सरळ आहे."

सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. काकूंनी पदर सावरला. दादांवरून उठलेलं ओझं क्षणात एका विधवा बाईच्या खांद्यावर जाऊन बसलं होतं. आणि ते तिथे नेणारा कागद पुन्हा माझाच होता.

"थांबा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, तो मी खाली आणला. "चार आकड्यांत कुणीतरी सर्वांत वर असणारच. वर कोण आहे हे बघून त्याच्यावरच बोट ठेवायचं, हे चुकीचं आहे. कुठल्या बागेवर संशय घ्यायचा हे आपण आधी ठरवलेलं नव्हतं. चारही बागांचं मिळून उत्तर आलंय ५.४. ते मर्यादेच्या आत आहे. एवढ्या पुराव्यावर मी सड्यावरची बाग बंद करायला सांगू शकत नाही, तशीच पऱ्याकडचीही नाही."

"म्हणजे काकूंच्या बागेत काहीच बिघाड नाही?" अण्णांनी विचारलं.

"तसंही नाही, अण्णा. चाचणी कुणाला निर्दोष ठरवत नाही. ती एवढंच सांगते की दोष द्यायला पुरेसा आधार आहे की नाही. आज नाही. पुढच्या हंगामात पुन्हा बघू, चौघांनाही सारखंच बघू."

गुरुजींनी त्या वेळी रोनाल्ड फिशरची हकीकत सांगितली. १९३६ साली फिशरने मेंडेलचे सगळे आकडे हीच चाचणी लावून तपासले. त्याला दिसलं की ते अपेक्षेशी जरा जास्तच नीट जुळतात. योगायोगाची जी वरखाली असायला हवी ती त्यांत कमी आहे. उत्तर काय यायला हवं हे माहीत असलेल्या एखाद्या मदतनिसाचा हात त्यात असावा, अशीही शक्यता त्याने मांडली. त्यावर अभ्यासक पुढे अनेक वर्षं वाद घालत राहिले; मेंडेलचा नियम मात्र कायम राहिला. "यातून आपण घ्यायचं ते एवढंच," गुरुजी म्हणाले, "की मनात अपेक्षा धरून मोजायला बसलेला हात नकळत तिकडे कलतो. तक्रार खरी की खोटी हे ठरवताना बाग कुणाची हे ठरवणाऱ्याला दिसता कामा नये."

त्या सभेत तीन ठराव झाले. पेट्यांचे वाटे जावक वहीतून काढून तक्रारवही उघडण्याआधी शाईने लिहायचे. एका पेटीची एकच तक्रार. आणि तक्रार तपासताना चिठ्ठीवरचा बागेचा क्रमांक झाकायचा. कुठल्याही बागेचा माल बंद झाला नाही. सभा संपल्यावर काकू माझ्याजवळ आल्या. त्यांनी काही म्हटलं नाही. ओटीत आणलेली चार काजूची बोंडं माझ्या टेबलावर ठेवली आणि गेल्या.

पुढच्या हंगामात मी नव्या वहीत एक जास्तीचा रकाना आखला. वर लिहिलं: अपेक्षित. पहिली गाडी जायच्या आदल्या रात्री, कलमांवरच्या फळांचा अंदाज घेऊन चौघांनी आपापल्या पेट्या सांगितल्या होत्या. त्यावरून कच्चे वाटे मी पेन्सिलने भरले. हंगाम संपून पेट्या मोजून झाल्यावर आणि तक्रारवही उघडण्याआधी ते शाईने पक्के करायचे होते. त्याच रात्री, मी वाटे भरत असताना, दादा शेडमध्ये आले. या वेळी दारात थांबले नाहीत, आत आले आणि वहीवर वाकले.

"माझ्या नावापुढे काय लिहिलंस?"

"निम्मे, दादा."

ते थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. "म्हणजे निम्म्या तक्रारी माझ्या येणार, असं आधीच धरलंस?"

"नाही, दादा," मी म्हटलं. "शेडमधले निम्मे कष्ट तुमचे, असं धरलंय."

ते हसले नाहीत. वहीवरून एकदा हात फिरवला, रकाना आखलेला होता तिथून, आणि बॅटरी उचलून सड्याकडे निघाले. पहाट व्हायला अजून अवकाश होता.

तात्पर्य: ज्याच्या हातून जास्त काम होतं, त्याच्या चुकाही जास्त दिसतात. सर्वांना एकच माप लावणं सोपं असतं, पण तो न्याय नसतो. कुणाचा दोष मोजण्याआधी त्याचा वाटा मोजावा. वाटा ठरल्यावर तो बदलू नये. आणि पुरावा पुरत नसेल तर एकाला सोडवताना दुसऱ्याला अडकवू नये.